आधी सूप थांबतं

नवतपा लागला की मला एका जागी बसवत नाही. सूर्य रोहिणीत शिरतो, आणि पुढचे नऊ दिवस रायपुरात माणसं एकमेकांना दुसरं काही विचारतच नाहीत. कूलरमध्ये पाणी टाकलं का, कांदा खिशात ठेवला का, दुपारी कुठे निघालीस, एवढंच. यंदाही तसंच. खिडकीतला कूलर घरघरतो, ताट्यांमधल्या ओल्या गवताचा वास खोलीभर पसरतो, आणि मी कॉम्प्युटरसमोरून उठते, दारापर्यंत जाते, परत येऊन बसते. आई म्हणते, "काहून अशी येरझारा घालून राहिली? ऊन लागलं का डोक्याले?"

ऊन नाही. जुनी एक फाइल आहे. दरवर्षी या दिवसांत मी ती उघडते.

त्यात एक अंगण आहे. अंगणात एक बाई बसलेली आहे, तांदूळ पाखडते आहे. ती कधी थकत नाही, कधी उठत नाही. तुम्ही जवळ गेलात तर तिला कळतं. सहा वर्षं झाली, ती तशीच बसून आहे आणि मी अजून तिच्यावर समाधानी नाही.

तेव्हा मी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते. शाळा इंग्रजी, बाहेर हिंदी, घरात वर्ध्याची मराठी. तिन्ही भाषांत मी सारखीच गप्प होते. त्यामुळे हे नऊ दिवस मला मनापासून आवडत. रायपूरच्या मुली उन्हात निघतात तेव्हा मोठा सुती स्टोल डोक्यावरून, नाकावरून, गळ्यावरून असा काही गुंडाळतात की फक्त डोळे उरतात. बाकी वर्षभर मला कोणी ओळखीचं समोरून आलं तर काय बोलायचं याची धास्ती असायची. नवतपात ती नसायची. सदर बाजाराच्या गर्दीतून मी शेजारच्या काकूंच्या अगदी बाजूने जायची आणि त्यांना पत्ता नसायचा. आपण सगळ्यांना बघतोय आणि आपल्याला कोणी बघत नाहीये, यासारखं सुख मला तेव्हा माहीत नव्हतं.

आमचा अ‍ॅनिमेशनचा क्लास सदर बाजारातच, एका सराफाच्या दुकानावर होता. अरुंद जिना, वर दोन खोल्या, सहा कॉम्प्युटर. खालून दिवसभर कारागिरांच्या हातोड्यांची टिकटिक यायची. सर भिलाईचे, पन्नाशीचे, कायम चष्मा कपाळावर. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. खिडकीशी उभं केलं आणि म्हणाले, "नीचे देखो. चेहरा मत देखो. चाल देखो. चेहरा सब बना लेते हैं. चाल भगवान ने हर आदमी को अलग दी है."

तासभर आम्ही माणसांचं चालणं बघत उभ्या होतो. कोणी टाच आधी टेकवतं, कोणी अख्खा तळवा. कोणाचा एकच हात हलतो. दागिने घेऊन निघालेली माणसं पिशवी हलू न देता चालतात. मला वाटलं, हेच तर मी जन्मभर करत आले. याचाही कुठे क्लास असतो, हे मला माहीतच नव्हतं.

कॉम्प्युटरमधला माणूस सुरुवातीला दोन्ही हात फैलावून उभा असतो, वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा. त्याच्या आत हाडांचा सांगाडा बसवायचा. मग वेळेच्या पट्टीवर एकेक ठिकाणी थांबून त्याला सांगायचं, या क्षणाला हात इथे, त्या क्षणाला मान तिथे. मधल्या जागा कॉम्प्युटर भरतो. सिनेमातलं पात्र एकदा हललं की सुटलं. आमचं पात्र सुटत नसे, कारण आमच्या दृश्यात माणूस शिरणार होता. डोळ्यांवर व्हीआरचा जाड चष्मा चढवला की आपण त्या अंगणात उभे. मान वळवाल तिकडे अंगण. आपण केव्हा येऊ, कुठून येऊ, किती वेळ नुसतेच उभे राहू, हे पात्राला आधी माहीत नसतं. कोणी आलं नाही तरी त्याला जिवंत राहावं लागतं. श्वास घ्यायचा, बोटं हलवायची, वजन या मांडीवरून त्या मांडीवर घ्यायचं, पुन्हा पहिल्यापासून. सर त्याला 'खाली बैठना', म्हणजे नुसतं रिकामं बसणं, म्हणत. म्हणायचे, "दौड़ाना आसान है, बेटा. खाली बैठाकर दिखाओ."

रायपुराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत तेव्हा रुंद रस्ते झाले होते आणि त्यावर माणसं नव्हती. तिथल्या एका इमारतीत पाहुण्यांना छत्तीसगढचं गाव दाखवायचं होतं. खरं गाव दहा मिनिटांवर होतं, पण ते असो. ते काम सरांना मिळालं होतं आणि त्यांना कायमचं कोणीतरी हाताशी हवं होतं. एकच जागा. क्लासमधल्या दोघींना त्यांनी एकेक पात्र दिलं. रोशनीला दोरी वळणारा म्हातारा, मला तांदूळ पाखडणारी बाई. नवतपाच्या नवव्या दिवशी जिचं पात्र पास, ती राहील.

घरी बाबांनी दुसरी तारीख काढून ठेवली होती. बाबा रेल्वेच्या ऑफिसात. माणूस चांगला, पण त्यांच्या लेखी नोकरी म्हणजे जिथे हजेरीपट असतो ती. नागपूरला मावशीकडे राहून बँकेच्या परीक्षेचा क्लास करायचा, फॉर्म भरलेला होता. "नवतपा संपला की गाडीत बसवून देतो तुले," ते म्हणाले. "या बाहुल्या नाचवून पोट भरते का कोणाचं?"

मला काही बोलताच येत नसे, हीच तर अडचण होती. बँकेत खिडकीपलीकडे दिवसभर अनोळखी माणसांशी बोलत बसायचं, हा विचारही मला नको व्हायचा. क्लासमध्ये मी एखाद्या मनगटापाशी चार तास बसू शकत होते आणि कोणी मला हाक मारत नव्हतं.

आमच्या कामाची एक पद्धत आहे, आणि ती माझ्या मुळावर आली. पात्राला जे करायला लावायचं ते आधी स्वतः करायचं आणि त्याचं चित्रण करायचं. मग ते शेजारी लावून, थांबवून थांबवून बघत पात्र हलवायचं. रोशनीने पहिल्याच दिवशी फरशीवर फतकल मारली, पायाच्या अंगठ्यात सुतळी अडकवली, मिशी फुंकावी तसं फू करून तिने असा म्हातारा उभा केला की सर हसून हसून लाल झाले. मग तिने मोबाइल माझ्याकडे रोखला. "चलो मैडम, अब आप. सूप लाऊँ कि घर से कोई बहू बुलाऊँ?"

मी सूप हातात धरलं. समोर कॅमेरा. माझे खांदे कानापर्यंत चढले. तांदूळ फरशीभर झाले.

"दीदी, चावल साफ कर रही हो कि चावल से डर रही हो?" रोशनी म्हणाली. तिच्यात खोट नव्हती, ती सगळ्यांनाच असं बोलायची. पण मी त्या दिवशी स्टोल बांधला तो संध्याकाळपर्यंत वर्गातही सोडला नाही.

आम्ही ब्राह्मणपारा नावाच्या वस्तीत भाड्याने राहत होतो, वरच्या मजल्यावर. समोर धान्याचं दुकान. दुकानाच्या ओट्यावर रोज सकाळी ऊन चढायच्या आत दुलारीबाई तांदूळ पाखडायला बसत. चाळिशीच्या असतील. हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत, हातांवर गोंदण, शेजारी पितळी लोटा पालथ्या पेल्याने झाकलेला. मी त्यांना तीन वर्षं बघत होते आणि एकदाही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेले आणि कठड्याच्या फटीतून मोबाइलने त्यांचं चित्रण केलं. तिसऱ्या दिवशीही केलं, चौथ्या दिवशीही. त्यांनी वर पाहिलं नाही. मला ते चोरीसारखं वाटत होतं, आणि थांबवतही नव्हतं.

काय हात होते! सूप पुढे झुकायचं, मनगटाचा एक छोटा झटका, तांदूळ हवेत एका रेषेत उठायचे आणि परत यायचे. तूस मात्र परत यायचं नाही. मग सूप तिरकं करून अंगठ्याने कडेवर टक, टक. कणी एका बाजूला. मधेच एक खडा, तो न बघता दोन बोटांत. मी ते सगळं माझ्या बाईच्या हातात उतरवलं. दुपारी बाहेर रस्ते ओस पडायचे, सराफाच्या दुकानातले कारागीरसुद्धा झोपायचे, आणि मी एकेका बोटापाशी थांबलेली. मध्येच उठायचे, खिडकीशी जायचे, पुन्हा बसायचे. नागपूरची तारीख डोक्यात त्या अंगठ्यासारखी वाजत होती.

तिच्या दृश्यात पाहुणा जवळ आला की काय व्हायचं तेही मी ठरवलं होतं. दोन पावलांच्या अंतरावर तो आला की बाईची मान वळणार, डोळे त्याच्या डोळ्यांना लागणार, आणि ती हात जोडून नमस्कार करणार. शाळेत पाहुणे आले की आम्हाला रांगेत उभं करून असाच करायला लावत.

सहाव्या दिवशी सरांनी तो जाड चष्मा चढवला. खोलीत कूलरचा आवाज. ते दोन पावलं पुढे गेले, थबकले, एक पाऊल मागे आले. चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"हाथ ज़िंदा हैं," ते म्हणाले. "औरत मरी हुई है. हाथ चलते-चलते गर्दन ऐसे घूमती है, मुझे डर लगा, बेटा."

रोशनीने चष्मा लावला आणि किंचाळली. "अरे, ये तो उल्लू की तरह देख रही है!"

त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. आईने समोर ताट ठेवलं, बाजूला पन्ह्याचा पेला ठेवला, आणि काही न विचारता बसून राहिली. आईची ही सवय. विचारलं तर मी सांगणार नाही हे तिला ठाऊक. शेवटी मी मोबाइल तिच्यापुढे सरकवला. एकीकडे माझी बाई, एकीकडे दुलारीबाई. सर काय म्हणाले तेही सांगितलं.

आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हे तू कुठून काढलं?"

"गच्चीवरून."

"तेच म्हटलं मी. नुसता भांग दिसून राहिला तिचा. चेहरा कुठे आहे?" तिने मोबाइल परत दिला. "कोणाच्या घरी कोणी असं छतावरून येते का, बाई? पाहुणा दारातून येते. जाय ना खाली. समोरच तर बसते ती."

"मले नाही जमत."

"हव, नाही जमत. मग नागपूरले तरी काय करशील?" आई उठली. दारापाशी थांबून म्हणाली, "खाणार नाही ते तुले."

सातव्या दिवशी सकाळी मी खाली उतरले. रस्ता ओलांडायला वीस पावलं. मी स्टोल बांधलेला होता, सवयीने. ऊन अजून कोवळंच होतं. ओट्यासमोर जाऊन उभी राहिले. टक, टक. दुलारीबाईंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं, सूप चालूच ठेवलं, उलट जरा जवळ ओढून घेतलं, आणि मानसुद्धा न उचलता विचारलं, "कोन हरस? मुँहु ला काबर बाँधे हस?"

कोण गं तू, तोंड कशाला बांधलंस. एवढंच. पण त्या आवाजात दार बंद होतं. मी परत फिरणारच होते. काय झालं कोण जाणे, हात वर गेला आणि मी गाठ सोडली.

"मी... सामने रहती हूँ. ऊपर."

आणि मग ते झालं. आधी सूप थांबलं. तांदूळ खाली येऊन बसले, ते बसेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग खांदे सैल झाले. मग एक श्वास. मग डाव्या हाताने पदर कपाळावर ओढला, आणि सगळ्यात शेवटी मान वर आली. डोळे आधी माझ्या पायांकडे, मग हातांकडे, मग तोंडाकडे. हसू त्याच्याही नंतर.

"अई, नोनी! मास्टरिन बाई के बेटी!"

नोनी म्हणजे पोरगी. आई मास्तरीण नव्हती, वस्तीतल्या पोरांची शिकवणी घ्यायची. म्हणजे यांना मी माहीत होते. तीन वर्षं मी वरून बघत होते आणि खालून कोणी माझी नोंद ठेवत होतं.

"बइठ," त्या म्हणाल्या. नमस्कार वगैरे काही नाही. लोट्यावरचा पेला उचलला, लोटा दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवला. छत्तीसगढी घरात कोणी आलं की आधी पाण्याचा लोटा समोर येतो, बोलणं त्याच्यानंतर. हे मी जन्मल्यापासून दाराबाहेरून बघत आले होते. माझ्यासमोर तो पहिल्यांदा ठेवला गेला, म्हणून पहिल्यांदा दिसला.

मी पाणी प्यायले. मग सगळं सांगून टाकलं. गच्ची, मोबाइल, कॉम्प्युटरमधली बाई. हिंदीत, अडखळत. मला वाटलं, रागावतील. त्यांनी विचारलं, "मोर कस सुग्घर हे?" माझ्यासारखी देखणी आहे का? मी म्हटलं, अजून नाही. त्या इतक्या जोरात हसल्या की दुकानदार बाहेर डोकावला. मग त्यांनी माझ्या हातात सूप दिलं, माझं मनगट धरलं आणि झटका कुठून येतो ते दाखवलं. तो मनगटातून येत नाही, पोटातून येतो. वरून ते दिसलं नसतंच.

उरलेले दोन दिवस मी खुर्चीवरून हलले नाही, हे खोटं. शंभर वेळा उठले. पण बाई बदलली. पाहुणा जवळ आला की आधी सूप थांबायचं. तांदूळ बसायचे. श्वास, पदर, मग मान. मग लोटा दोन्ही हातांनी पुढे. जोडलेले हात मी पुसून टाकले.

नवव्या दिवशी दुलारीबाईंना क्लासला घेऊन गेले. बोलावलं तेव्हा त्या लगेच हव म्हणाल्या होत्या, जिना चढताना मात्र माझा दंड धरून होत्या. सरांनी आधी स्वतः बघितलं. या वेळी ते मागे आले नाहीत. चष्मा काढला, कपाळावरचा घाम पुसला. "पास," एवढंच म्हणाले, आणि रोशनीकडे न बघता म्हणाले. रोशनीने माझ्या पाठीत धपाटा घातला. "चलो, उल्लू उड़ गया." नंतर ती बराच वेळ पाणी प्यायला बाहेर होती.

मग दुलारीबाईंच्या डोळ्यांवर चष्मा बसवला. त्या आधी अंगण बघत राहिल्या, मान फिरवून, तोंड उघडं. मग दोन पावलं पुढे. आत काय चाललंय ते आम्हाला बाजूच्या स्क्रीनवर दिसत होतं. सूप थांबलं. पदर. मान. लोटा पुढे आला. आणि दुलारीबाईंनी तो घ्यायला खरंच दोन्ही हात पुढे केले. गोंदलेली बोटं हवेत गोल झाली, मिटली, आणि तशीच राहिली.

कोणीच हसलं नाही. त्यांनी हळूच हात खाली घेतले. चष्मा काढल्यावर डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पानी त दिस, फेर मोला चिन्हिस नइ."

पाणी दिलं, पण ओळखलं नाही मला.

सर म्हणाले, "अरे बाई, सबको पहचानने लगी तो मशीन फट जाएगी." मग सगळे हसले. त्याही हसल्या. मला जागा मिळाली होती, नागपूरची गाडी सुटून गेली होती, बाबा आठवडाभर धुसफुसून मग ऑफिसात सांगत सुटले की आमची पोट्टी नव्या राजधानीचं काम करून राहिली. आणि माझ्या मनात ते एकच वाक्य. बरोबरच होतं ते. बांधलेल्या तोंडाच्या मुलीसाठी सूप थांबलं नव्हतं. ओळख पटली तेव्हाच थांबलं. माझी बाई मात्र कोणासाठीही थांबते. मंत्री येवो, शाळेची सहल येवो, तिला सगळे सारखेच.

तेव्हापासून मी बरीच पात्रं हलवली. पळणारी, भांडणारी, नाचणारीही. ही फाइल मात्र दर नवतपात उघडते. मान वर येण्यापूर्वीचा तो श्वास थोडा लांबवते, डोळे किंचित उशिरा आणते, बघते, पुन्हा पूर्ववत करते. समोरच्या दुकानात आता यंत्राने निवडलेला तांदूळ बंद पोत्यांत येतो. ओट्यावर पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचलेले असतात. दुलारीबाई कुठे गेल्या, मी विचारलं नाही. विचारायला अजूनही मला चार दिवस लागतात.

परवा सदर बाजारात काम होतं. भर दुपार. स्टोल घट्ट बांधलेला, वर काळा गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे. आईनेसुद्धा मला ओळखलं नसतं. कापडाच्या दुकानांपुढून भराभर चालले होते, सावलीसावलीने, मनात त्या मानेचाच हिशोब.

"नोनी!"

मी थांबले नाही. इथे कितीतरी नोनी.

"ए मास्टरिन बाई के नोनी!"

एका दुकानाच्या पायरीवर दुलारीबाई बसल्या होत्या. केस बरेच पिकलेले. मांडीवर सूप नव्हतं, कापडाची पिशवी होती. मी जवळ गेले. गाठ सोडायला हात वर नेला, तर त्यांनीच तो धरून खाली घेतला. राहू दे, ऊन आहे.

"कैसे पहचाना?" मी कापडातूनच विचारलं.

त्यांना प्रश्नच कळला नाही. "मुँहु बाँधे ले का होथे?" त्या म्हणाल्या. "तोर चाल ला त मैं चिन्हथँव. रोज त आवत-जावत देखँव."

तोंड बांधल्याने काय होतं. तुझी चाल ओळखते मी. रोज येता-जाताना बघत होते.

त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

पाणी पिऊन मी निघाले. मागे त्या पायरीवर बसलेल्या होत्या, बहुधा माझ्याकडेच बघत. कुठला पाय आधी टाकायचा, हात किती हलवायचा, टाच टेकवायची की तळवा, काही केल्या मला आठवेना. भर बाजारात काही पावलं मला चालताच आलं नाही.